तोफखान्याची कापडी विमानं

९ नोव्हेंबर १९४२. मोरोक्कोच्या किनाऱ्यावर अमेरिकी फौजा उतरून एक दिवस झाला होता. किनारा नजरेत येत नव्हता इतक्या दूर, अटलांटिकमध्ये, ‘रेंजर’ ही विमानवाहू नौका होती आणि तिच्या डेकवर तीन चिमुकली विमानं उड्डाणाची वाट पाहत होती. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं सुती कापड, पुढे ६५ अश्वशक्तीचं इंजिन. शांततेच्या काळात अमेरिकेतली हौशी मंडळी पायपर कंपनीचं हे ‘कब’ विमान सुट्टीच्या दिवशी उडवत. सैन्याने त्याला एल-४ हे नाव दिलं, अंगावर हिरवा रंग चढवला आणि आत रेडिओ बसवला. बंदूक नाही, चिलखत नाही.

कॅप्टन फोर्ड ऑलकॉर्न सर्वांत आधी उडाले. त्यांनी किनाऱ्याचा रस्ता धरला आणि थोड्याच वेळात अमेरिकेच्याच ‘ब्रुकलिन’ या क्रूझरवरून त्यांच्यावर गोळीबार सुरू झाला. लाटांना चाकं लागतील इतकं खाली उतरून ते निसटले. जमिनीवर पोहोचले तर तिथेही आपल्याच सैनिकांनी बंदुका रोखल्या. शेवटी मशीनगनच्या गोळ्या पायात घुसल्या, विमान कोसळलं आणि आग लागायच्या आत ऑलकॉर्न कसेबसे सरपटत बाहेर पडले. बाकीची दोन विमानंही त्या गोळीबारात पांगली. असलं विमान आपलं असू शकतं, ते युद्धावर निघालेलं असू शकतं, हे खालच्या तोफचींच्या ध्यानीमनीही नव्हतं.

याच मोहिमेत हजाराहून अधिक किलोमीटर पूर्वेला, ट्युनिशियाच्या आघाडीवर, ब्रिटिशांचीही अशीच कापडी विमानं त्याच महिन्यात पहिल्यांदा लढाईत उतरली. त्यांचं नाव ‘ऑस्टर’. दोन्ही सैन्यांत ही विमानं चालवणारे लोक हवाई दलाचे नव्हते. ते तोफखान्याचे अधिकारी होते. या विमानांच्या गोष्टीतली सर्वांत महत्त्वाची बाब हीच, आणि ती घडवून आणायला एका माणसाला कित्येक वर्षं भांडावं लागलं होतं.

तोफ चालवणाऱ्याला आपलं लक्ष्य बहुधा दिसत नाही. टेकडीच्या अलीकडे तोफा, पलीकडे शत्रू. म्हणून कुणीतरी उंचावर बसून गोळा कुठे पडला ते पाहायचं आणि मागे कळवायचं. पहिल्या महायुद्धात हे काम आधी दोरीने बांधलेल्या बलूनमधून आणि मग विमानातून होऊ लागलं. ब्रिटिश निरीक्षक नकाशावर सेल्युलॉइडची पारदर्शक चकती ठेवत. मधोमध लक्ष्य, भोवती घड्याळाचे आकडे, बारा म्हणजे उत्तर. मध्यापासूनच्या अंतरांना इंग्रजी अक्षरं दिलेली होती. विमानातून मोर्समध्ये ‘बी ३’ असा संदेश आला की बॅटरीला, म्हणजे तोफांच्या तुकडीला, कळायचं: गोळा लक्ष्यापासून शंभर यार्डांवर, पूर्वेला पडला. विमानाला उलट संदेश ऐकू येत नसे, म्हणून बॅटरीचे लोक जमिनीवर कापडाच्या पट्ट्या अंथरून उत्तर देत.

पद्धत कल्पक होती, पण तिच्यात एक उणीव होती. वर बसलेला माणूस फक्त पाहायचा. निर्णय खालचा माणूस घ्यायचा, आणि त्याला काहीच दिसत नसायचं.

महायुद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये हे काम नव्या हवाई दलाकडे गेलं. त्यासाठी त्यांनी पुढे ‘लायसँडर’ हे विमान घेतलं. मोठं इंजिन, बंदुका, छोट्या धावपट्टीवर उतरण्याची सोय, असं सगळं त्यात होतं. मे १९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्स आणि बेल्जियममध्ये घुसल्या तेव्हा काही आठवड्यांत शंभराहून अधिक लायसँडर नष्ट झाले. दिवसाढवळ्या आघाडीवर घिरट्या घालायला ते फार जड होतं आणि जर्मन मेसरश्मिट विमानांपासून पळून जायला फार हळू.

चार्ल्स बेझली हे ब्रिटिश तोफखान्यातले अधिकारी. विमान उडवण्याचा छंद असलेल्या तोफचींचा एक क्लब होता, त्यात त्यांचा पुढाकार असे. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून ते एकच मागणी लावून धरत होते. हवाई दलाच्या वैमानिकाला तोफा शिकवत बसण्यापेक्षा तोफचीलाच विमान शिकवा. विमान साधं, स्वस्त आणि हलकं असू द्या, तोफांच्या मागच्या शेतातून उडेल असं. टेकडीवर बसलेला तोफखान्याचा अधिकारी जसे थेट हुकूम सोडतो, तसेच तो विमानातून सोडेल. चकत्या नकोत, घड्याळ नको.

हवाई दलाला ही कल्पना वेडगळ वाटली. एवढं संथ, नि:शस्त्र विमान आघाडीवर दोन मिनिटं तरी टिकेल का? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधायला १ फेब्रुवारी १९४० रोजी ओल्ड सॅरम इथे बेझलींच्या हाताखाली एक छोटी प्रायोगिक तुकडी उभी राहिली. तिने हवाई दलाच्या लढाऊ विमानांशी लुटुपुटूच्या चकमकी केल्या. झेप घेणारं लढाऊ विमान जवळ आलं की हलकं विमान झाडांच्या उंचीवर उतरून गर्रकन वळायचं, आणि वेगात आलेला शिकारी पुढे निघून जायचा. जमिनीवरचा पहारेकरी रेडिओवर वेळीच सांगेल तर बचावाची संधी बरीच वाढते, हेही दिसलं. तुकडी फ्रान्सला गेली, पण प्रत्यक्ष लढाईत उतरायच्या आतच आघाडी कोसळली आणि ती परत आली.

एवढ्यावर प्रकरण संपलंही असतं. हवाई दलातल्या वरिष्ठांचा विरोध कायम होता. पण ब्रिटनच्या रक्षणासाठी असलेल्या फौजांचे प्रमुख तेव्हा जनरल अ‍ॅलन ब्रूक होते, आणि ते स्वतः तोफखान्याचे. त्यांनी बेझलींची बाजू उचलून धरली. अखेर तडजोड झाली: विमानं आणि मेकॅनिक हवाई दलाचे, वैमानिक तोफखान्याचे, जीपचे ड्रायव्हर आणि रेडिओवाले सैन्याचे. १ ऑगस्ट १९४१ रोजी ६५१ क्रमांकाची पहिली ‘एअर ओपी’ स्क्वाड्रन उभी राहिली. एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट, म्हणजे हवेतली निरीक्षण चौकी. विमानं लेस्टरशायरमधल्या थर्मास्टनच्या कारखान्यात बनत. मूळ आराखडा अमेरिकेच्या टेलरक्राफ्टचा होता.

हे काम कसं चाले, ते थोडं जवळून पाहायला हवं. ऑस्टरचा वैमानिक बहुतेक वेळा एकटा उडायचा. मांडीवर नकाशाची पाटी, तोंडाशी मायक्रोफोन, नजर बाहेर. तो शत्रूच्या डोक्यावर जात नसे. आपल्याच तोफांच्या आसपास, काहीशे फुटांवर, आघाडीला समांतर येरझारा घालायचा. दूरच्या झाडीत धुराचा पुंजका किंवा तोफेच्या तोंडची झळक दिसली की नकाशावर ठिकाण हेरायचं आणि बॅटरीला सांगायचं. बॅटरी पहिला गोळा सोडून ‘शॉट’ असं कळवायची. गोळ्याला जाऊन पडायला पंधरा-वीस सेकंद लागत. तेवढा वेळ विमान झाडांच्या आड उतरून थांबायचं, आणि नेमकं गोळा फुटायच्या क्षणी वर डोकं काढायचं. गोळा अलीकडे पडला? चारशे यार्ड वाढवा. आता पलीकडे गेला? दोनशे कमी करा. लक्ष्य दोन गोळ्यांच्या कात्रीत सापडलं की ते अंतर निम्मं, मग पुन्हा निम्मं करत जायचं. कात्री पुरेशी आवळली की खरा हुकूम सुटायचा, आणि एका बॅटरीच्या जोडीला सबंध रेजिमेंटच्या, कधी सबंध डिव्हिजनच्या तोफा त्या एका बिंदूवर कोसळायच्या.

कापडाच्या विमानात बसलेल्या एका कॅप्टनच्या तोंडात अशी शेकडो टन पोलादाची आज्ञा असे. त्याच्याकडे बंदूक नव्हती म्हणून तो दुबळा होता, असं समजणाऱ्यांना हे बराच काळ उमगलं नाही.

जोखीमही निराळी होती. लढाऊ विमानांची भीती होतीच, त्याशिवाय आपल्याच तोफांचे गोळे ज्या हवेतून जात तिथेच त्याला घिरट्या घालायच्या असत. आपल्याच गोळ्याने विमानाचे तुकडे झाल्याच्या घटना दोन्ही सैन्यांत घडल्या.

अमेरिकेत हाच वाद थोड्या उशिरा, पण तितक्याच कडवटपणे झाला. तोफखान्याचे मेजर विल्यम वॉलेस फोर्ड स्वतःच्या पैशाने विमान उडवत. १९४१ मध्ये त्यांनी तोफखान्याच्या मासिकात लेख लिहून हीच मागणी केली. त्या वर्षीच्या मोठ्या युद्धसरावांत पायपर, एरोंका आणि टेलरक्राफ्ट या कंपन्यांनी आपली विमानं वैमानिकांसह फुकट वापरायला दिली. टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिस इथे एक विमान खडबडीत माळावर उड्या मारत उतरताना जनरल इनिस स्विफ्ट पाहत होते. हे तर नाकतोड्यासारखं दिसतंय, असं ते म्हणाले, आणि ‘ग्रासहॉपर’ हे नाव कायमचं चिकटलं. पुढे ६ जून १९४२ रोजी अमेरिकी सैन्याने तोफखान्याला स्वतःची विमानं दिली. प्रत्येक बटालियनला दोन, डिव्हिजनला मिळून दहा. प्रशिक्षणाची जबाबदारी फोर्ड यांच्याकडे आली, ओक्लाहोमातल्या फोर्ट सिल इथे.

एल-४ हे यंत्र म्हणून इतकं साधं होतं की त्याचं वर्णन वाचताना आजच्या वाचकाला खरं वाटत नाही. रिकाम्या विमानाचं वजन साडेतीनशे किलोच्या आतबाहेर. पेट्रोलची टाकी ४५ लिटरची. तिची पातळी दाखवायला काटा नव्हता. टाकीच्या झाकणातून एक तार वर आलेली असे, आतल्या टोकाला बूच. पेट्रोल संपत आलं की तार खाली बसायची. वैमानिक काचेतून समोर ती तार पाहत उडायचा. इंजिन सुरू करायला कुणीतरी पुढे उभं राहून पंखा हाताने फिरवायचा. ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेग असला तरी ते हवेत तरंगत राहायचं, त्यामुळे रस्ता, गायरान, फळबागेतला मोकळा पट्टा, कुठेही उतरता यायचं. कापड फाटलं की ठिगळ लावून त्यावर ‘डोप’ नावाचं रोगण फासायचं. पाच हजारांहून जास्त एल-४ बनले, आणि दुरुस्तीसाठी त्यांना मोठा कारखाना कधी लागला नाही.

इटलीत आणि नंतर नॉर्मंडीत या विमानांचा खरा परिणाम दिसला. आकाशात एखादं कब घुटमळत असलं की जर्मन बॅटऱ्या तोफा थांबवत. एक झळक दिसली तर पुढच्या दोन मिनिटांत आपल्यावर काय कोसळेल हे तिथल्या तोफचींना पुरतं माहीत झालं होतं. त्यामुळे कधीकधी गोळा न टाकताही काम होई. खंदकात बसलेल्या अमेरिकी पायदळाला विमान वर आहे हेच पुरे असे, आणि ते इंधनासाठी खाली उतरलं की मारा पुन्हा सुरू होई.

हे सगळं शक्य झालं त्यामागे आणखी एक गोष्ट होती, जी या विमानांच्या कौतुकात बऱ्याचदा निसटते. आकाश दोस्तांचं होतं. जर्मनांकडेही अशा कामाचं फार उत्तम विमान होतं. गेरहार्ट फीझलर यांच्या कंपनीचं ‘श्टॉर्ख’ दोन-तीन बसगाड्यांच्या लांबीत उतरू शके. १२ सप्टेंबर १९४३ रोजी ग्रान सास्सोच्या डोंगरावरून कैदेतल्या मुसोलिनीला पळवून नेलं ते याच विमानातून. वैमानिक हाइनरिश गेरलाख, मागे मुसोलिनी आणि धिप्पाड जर्मन अधिकारी ओटो स्कोर्झेनी, अशा ओझ्यासह ते कड्यावरून अक्षरशः खाली कोसळत जाऊन मग हवेत सावरलं. यंत्र म्हणून श्टॉर्ख कबपेक्षा कितीतरी सरस. पण १९४४ मध्ये दिवसाउजेडी आघाडीवर घिरट्या घालणं त्याला जमेना, कारण वर दोस्तांची लढाऊ विमानं होती. हळू उडणाऱ्या निरीक्षकाला कुणाच्या तरी वेगाचं छत्र लागतं.

या काळातलं सर्वांत गाजलेलं नाव मात्र निरीक्षणासाठी गाजलेलं नाही. मेजर चार्ल्स कार्पेंटर हे इलिनॉयमधल्या मोलीन गावच्या शाळेत इतिहास शिकवत. युद्धात ते चौथ्या आर्मर्ड डिव्हिजनचे वैमानिक झाले. नुसतं पाहत राहणं त्यांच्या स्वभावात बसेना. पायदळाचे रणगाडाविरोधी बझूका त्यांनी पंखांच्या आधारदांड्यांना बांधले, दोन्ही बाजूंना तीन-तीन. वजन इतकं वाढलं की सोबत निरीक्षक नेणं अवघड झालं. विमानाचं नाव ठेवलं ‘रोझी द रॉकेटर’. २० सप्टेंबर १९४४ रोजी फ्रान्समध्ये आराकूरजवळ धुकं वितळल्यावर त्यांना खाली जर्मन पँथर रणगाड्यांची रांग दिसली. पुन्हा पुन्हा उतरून बझूका भरायचे आणि परत जायचं, असं त्यांनी त्या दिवशी केलं. युद्धभरात सहा रणगाडे त्यांच्या नावावर लागले. वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतलं. त्यांचं धाडस वादातीत आहे. तरीही आघाडीवरच्या दुसऱ्या कुठल्याही कबमधल्या, नाव नसलेल्या लेफ्टनंटने रेडिओवर चार वाक्यं बोलून जितका विध्वंस घडवला, तितका सहा बझूकांनी होणं शक्य नव्हतं. युद्धानंतर रोझी युरोपातच विकली गेली, ऑस्ट्रियात कित्येक वर्षं ग्लायडर ओढत राहिली. अलीकडे तिची ओळख पटली आणि तिला अमेरिकेत आणून पुन्हा जुनं रूप दिलं गेलं.

२४ ऑगस्ट १९४४ ची गोष्ट वेगळी. पॅरिसमध्ये बंड झालं होतं, पोलीस मुख्यालयात बंडखोर अडकले होते, दारूगोळा संपत आला होता. जनरल लक्लेर यांची फ्रेंच डिव्हिजन शहराच्या वेशीपाशी अडखळली होती. कॅप्टन जाँ काले आणि लेफ्टनंट एतिएन माँतू यांनी एक कब घेतलं आणि थेट पॅरिसवर नेलं. मुख्यालयाच्या अंगणात त्यांनी वजन बांधलेली चिठ्ठी टाकली: तग धरा, आम्ही येतोय. मागे बसलेले माँतू हे अर्थशास्त्रज्ञ. व्हर्सायच्या तहावरच्या केन्स यांच्या प्रसिद्ध टीकेला खोडून काढणारं पुस्तक त्यांनी लिहिलं होतं. ते छापून आलेलं त्यांना पाहता आलं नाही. युद्ध संपायला काही दिवस उरले असताना, एप्रिल १९४५ मध्ये, ते जर्मनीत मारले गेले.

त्याच एप्रिलमध्ये, ११ तारखेला, कब आणि श्टॉर्ख समोरासमोर आले. लेफ्टनंट ड्युएन फ्रान्सिस आणि निरीक्षक लेफ्टनंट विल्यम मार्टिन यांना खालून जाणारं श्टॉर्ख दिसलं. दोघांनी कमरेची पिस्तुलं काढली आणि विमानाच्या बाजूने, अक्षरशः खिडकीतून, गोळ्या झाडल्या. पिस्तूल भरताना फ्रान्सिस विमानाचा दांडा गुडघ्यांत धरून होते. श्टॉर्ख वळता वळता जमिनीला टेकलं आणि आपटलं. दोघे शेजारी उतरले, जर्मनांना पकडलं आणि त्यांच्यातल्या जखमीचा पाय बांधून दिला. फ्रान्सिस यांना पदक मिळालं ते १९६७ मध्ये.

पूर्वेकडचं युद्ध मराठी वाचकाला अधिक जवळचं आहे, आणि या विमानांची खरी कसोटी तिथेच लागली. १९४३ मध्ये ब्रिटनहून ६५६ क्रमांकाची एअर ओपी स्क्वाड्रन भारतात आली. मुंबईत जुहूला विमानं जुळवून ती नाशिकजवळ देवळालीला गेली. देवळाली हे तोफखान्याचं जुनं घर, तोफांचा सराव करायला डोंगरउतार आणि उघडे माळ तिथे हाताशी. स्क्वाड्रनचे प्रमुख मेजर डेनिस कॉइल होते. तिथून १९४४ च्या सुरुवातीला तिची पहिली विमानं अराकानच्या आघाडीवर पोहोचली.

देवळालीच्या माळावरचा अनुभव ब्रह्मदेशाच्या आघाडीवर फारसा कामाचा नव्हता. अराकान, इम्फाळ, कोहिमा, सगळीकडे एकामागून एक डोंगरकडे, त्यांच्यावर बांबूची दाट बनं. जमिनीवरच्या निरीक्षकाला पन्नास पावलांपुढचं दिसत नसे. जपानी मोर्चे बांबूखाली इतके बेमालूम दडलेले असत की वरूनही ते हुडकायला रोज तोच डोंगर पाहणारी नजर लागे. कालपर्यंत नसलेली पायवाट, सुकत चाललेली तोडलेली फांदी, भात शिजवतानाचा धूर, अशा खुणांवर वैमानिक जगायचा. गोळाही जंगलात गिळला जायचा. फुटला कुठे ते कळायचंच नाही, म्हणून आधी धुराचा गोळा टाकायचा आणि पानांतून वर येणाऱ्या पांढऱ्या रेघेवरून अंदाज बांधायचा.

उतरायला जागा कुठली? सपाट जमीन म्हणजे भातखाचरं. बांध फोडून, माती सारखी करून तीनशे-चारशे यार्डांचा पट्टा तयार करायचा. पाऊस लागला की तोच पट्टा पुन्हा खाचर होई. भिजलेलं कापड सैल पडे. अशा परिस्थितीत या आघाडीवर लढणाऱ्या सबंध चौदाव्या सैन्यासाठी हीच एक एअर ओपी स्क्वाड्रन होती. तिच्या तुकड्या एकमेकांपासून शेकडो मैल दूर, कॉइल यांना आपलीच माणसं भेटायला दिवसच्या दिवस उडावं लागे. तोफा चालवणाऱ्यांत भारतीय तोफखान्याच्या रेजिमेंटही होत्या. त्यांनी न पाहिलेल्या डोंगरांवर मारा केला तो या ऑस्टरमधल्या आवाजावर भरवसा ठेवून. इरावती ओलांडताना आणि पुढे मैक्टिलापासून रंगूनपर्यंतच्या धावत्या मोहिमेत विमानं रोज नव्या शेतात उतरत पुढे सरकली.

याच जंगलात हलक्या विमानाला दुसरं काम सापडलं. अमेरिकी बनावटीचं एल-५, कबहून दणकट आणि १८५ अश्वशक्तीचं, जखमींना नेऊ लागलं. शत्रूच्या मागे खोल उतरलेल्या चिंडिट तुकड्यांतल्या जखमींना १९४४ च्या आधी वाटेत सोडून द्यावं लागे, किंवा त्याहून वाईट काही करावं लागे. आता जंगलातल्या एखाद्या पट्ट्यावरून त्यांना उचलून आसामच्या दवाखान्यात पोहोचवता येऊ लागलं. एप्रिल १९४४ मध्ये असंच एक हलकं विमान तीन जखमींसह शत्रूच्या मुलखात अडकलं. त्यांना काढायला लेफ्टनंट कार्टर हार्मन नावाचा तरुण एक विचित्र नवं यंत्र घेऊन गेला, सिकोर्स्कीचं हेलिकॉप्टर. उष्ण, दमट हवेत ते एका वेळी एकच माणूस उचलू शके. हार्मनने एकेक करून वैमानिकासह चौघांनाही बाहेर काढलं. लढाईतली हेलिकॉप्टरने केलेली ही पहिली सुटका. हलक्या निरीक्षण विमानाची जागा पुढे कोण घेणार, ते ब्रह्मदेशच्या त्या झाडीत दिसून गेलं होतं.

युद्ध संपल्यावर ६५९ क्रमांकाची स्क्वाड्रन भारतात आली. ती १४ ऑगस्ट १९४७ रोजी लाहोरला विसर्जित झाली. सैन्याच्या प्रत्येक वस्तूसारखी तिची विमानंही दोन देशांत वाटली गेली. भारताच्या वाट्याच्या ऑस्टरमधून पहिली भारतीय एअर ओपी तुकडी उभी राहिली आणि काही महिन्यांतच ती जम्मू-काश्मीरच्या लढाईत उतरली. पुढे भारतीय स्क्वाड्रनांनी क्रमांकही तेच पुढे चालवले: ६५९, ६६०, ६६१. वैमानिक तोफखान्याचेच राहिले. बेझलींचा आग्रह भारतीय सैन्याने जसाच्या तसा स्वीकारला होता.

पण किती दिवस ब्रिटिश ऑस्टरवर चालवायचं? इथे डॉ. विष्णू माधव घाटगे यांचं नाव येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे घाटगे जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिकीचे आद्य आचार्य लुडविग प्रांट्ल यांच्याकडे शिकले. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली १९५१ मध्ये एचटी-२ हे प्रशिक्षण विमान उडालं, मग फ्लाइंग क्लबांसाठी ‘पुष्पक’, आणि १९५९ मध्ये ‘कृषक’. पुष्पकलाच मोठं करून, २२५ अश्वशक्तीचं इंजिन देऊन सैन्याच्या निरीक्षणासाठी ते घडवलं होतं. वरती पंख, खाली मोठ्या काचा, कापडी आवरण. कब आणि ऑस्टरच्या कुळातलं, पण आपल्या देशात आखलेलं आणि बांधलेलं. आपल्याकडे तेजस आणि मारुत या लढाऊ विमानांची चर्चा होते. कृषकचं नाव फारसं कुणी घेत नाही, आणि ते घेतलं जायला हवं. लढाईच्या आघाडीवर प्रत्यक्ष वापरलेल्या पहिल्या भारतीय आराखड्यांत ते मोडतं.

१९७१ च्या डिसेंबरात ऑस्टर आणि कृषक दोन्ही आघाड्यांवर उडत होते. पण आता जग जेटचं होतं, आणि संथ, नि:शस्त्र विमान टिकेल का, हा १९४० साली ओल्ड सॅरमला विचारलेला प्रश्न पुन्हा उभा होता. पश्चिमेकडे शकरगडच्या क्षेत्रात रणगाड्यांच्या लढाया पेटल्या होत्या. तिथे एअर ओपीचे कॅप्टन प्रदीप कुमार गौर तोफखान्याचा मारा दिग्दर्शित करत असताना पाकिस्तानी सेबर जेट विमानांनी त्यांच्यावर हल्ला चढवला. त्यात ते मारले गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

त्यानंतर काही वर्षांत कापडी विमानांची जागा चीता हेलिकॉप्टरनी घेतली. ज्या उंचीवर कृषकला श्वास घेणं जड जाई तिथे, पुढे थेट सियाचीनवर, ती उतरू लागली. १ नोव्हेंबर १९८६ रोजी सैन्याची स्वतंत्र एव्हिएशन कोअर स्थापन झाली आणि तोफखान्याची ही शाखा तिच्यात सामील झाली. तिचे वैमानिक आज नाशिक रोडला शिकतात, देवळालीच्या तोफखाना शाळेपासून काही किलोमीटरवर.